छायाचित्र काढणाऱ्याचे, मग चेहरा कोणाचा?

मे २०२५ मध्ये अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाने पंधरा छायाचित्रांवरचा आपला ताबा सोडण्याचे कबूल केले. हार्वर्ड हे जगातले सर्वात श्रीमंत विद्यापीठ. त्याच्यासमोर उभ्या होत्या तमारा लेनियर, कनेक्टिकट राज्यातील एक सेवानिवृत्त प्रोबेशन अधिकारी. खटला सहा वर्षे चालला. पंधरा छायाचित्रांसाठी एवढे मोठे विद्यापीठ सहा वर्षे का भांडले आणि एक कृष्णवर्णीय बाई त्याच्याशी का भांडली, हे चळवळीतील कार्यकर्त्यांनी समजून घेतले पाहिजे. खटला अमेरिकेतला आहे. पण ज्यांचे फोटो नेहमी दुसऱ्यांनीच काढले आणि दुसऱ्यांनीच भिंतीवर लावले, अशा सर्वांचा तो प्रश्न आहे.

ही छायाचित्रे मार्च १८५० मध्ये दक्षिण कॅरोलिना राज्यातील कोलंबिया गावी काढली गेली. काढवून घेणारा होता लुई अगासी. मूळचा स्विस, हार्वर्डमधला नावाजलेला निसर्गशास्त्रज्ञ. सारी मानवजात एक नाही, निरनिराळे वंश निरनिराळे निर्माण झाले आणि काळा माणूस गोऱ्याच्या बरोबरीचा नाही, असे त्याचे मत होते. आपल्याला हा सिद्धांत नवा नाही. कोण मुखातून जन्मला आणि कोण पायातून, हे सांगणारे आपल्याकडे फार पूर्वीच होऊन गेले. त्यांना पुराव्याची गरज वाटली नाही. अगासीला पुरावा हवा होता आणि त्यासाठी त्याच्या हाती नुकतेच निघालेले नवे यंत्र होते, कॅमेरा.

रॉबर्ट गिब्ज नावाच्या डॉक्टरने आसपासच्या मळ्यांवरील गुलामांतून माणसे जमवली. जोसेफ झीली या छायाचित्रकाराच्या स्टुडिओत त्यांना आणले. रेंटी आणि त्याची मुलगी डेलिया, जॅक आणि त्याची मुलगी ड्राना, शिवाय आल्फ्रेड, फसेना व जेम, अशी ही सात माणसे. काहींना कमरेपर्यंत उघडे केले, काहींना पूर्ण नग्न. समोरून, बाजूने, पाठमोरे, जसे बाजारात जनावर फिरवून दाखवतात तसे त्यांचे फोटो घेतले. त्यांची परवानगी घेतली होती का, हा प्रश्नच तिथे उद्भवत नव्हता. गुलाम हा कायद्याने स्वतःच मालमत्ता होता. मालमत्तेला कोण विचारतो?

त्या काळचे छायाचित्र चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर उमटत असे. त्याला निगेटिव्ह नसे, म्हणून प्रत्येक पत्रा एकुलता एक. रेंटीच्या पत्र्यासोबतच्या चिठ्ठीत गिब्जने नाव लिहिले, काँगो हे मूळ ठिकाण लिहिले आणि मळ्याच्या मालकाचे नाव लिहिले. रेंटीला काही येत होते का, तो कोणाचा कोण होता, याला त्या चिठ्ठीत जागा नव्हती. लेनियर यांच्या घरात मात्र त्यांच्या आईकडून आलेली निराळी आठवण आहे. 'पापा रेंटी' आफ्रिकेतून आणलेला होता. तो वाचायला शिकला आणि इतरांनाही त्याने शिकवले. दक्षिण कॅरोलिनात गुलामाला लिहावाचायला शिकवणे हा तेव्हा गुन्हा होता. ज्यांच्या पूर्वजांना अक्षर ऐकण्याचीही बंदी होती, त्यांना या आठवणीचे मोल वेगळे सांगायला नको. एकाच माणसाच्या या दोन नोंदी आहेत. यातली कोणती नोंद भिंतीवर लागते, यावर प्रदर्शनाची नीती ठरते.

पुढची हकीकत अशी. हे पत्रे हार्वर्डच्या पीबॉडी संग्रहालयाच्या माळ्यावर पडून होते. १९७६ मध्ये ते एका कर्मचारी बाईंना सापडले. तेव्हा अगासीचा वंशसिद्धांत विज्ञानाने केव्हाच टाकून दिला होता आणि नागरी हक्कांचे कायदेही झाले होते. आता तरी या सात माणसांच्या वाट्याला माणुसकी यायला हवी होती. झाले काय? १९८६ मध्ये मानववंशशास्त्र आणि छायाचित्रण या विषयावरील विद्यापीठाच्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर रेंटीचा चेहरा आला. २०१७ मध्ये त्याची नवी आवृत्ती निघाली. कॅरी मे वीम्स या कृष्णवर्णीय कलावतीने १९९५-९६ मध्ये यातली काही छायाचित्रे आपल्या कलाकृतीत वापरली. लाल रंगात बुडवून, त्यावर आपले शब्द कोरून, तिने त्या चेहऱ्यांना परत बोलते केले. तेव्हा विद्यापीठाने तिला कायद्याची भाषा ऐकवली. तिने खुशाल खटला भरा म्हटले. खटला भरला गेला नाही. उलट पुढे तिच्या कलाकृतीच विद्यापीठाने विकत घेतल्या.

२०१७ मध्येच हार्वर्डमध्ये विद्यापीठे आणि गुलामगिरी या विषयावर परिषद झाली. उद्देश चांगला, वक्ते नामवंत. पडद्यावर रेंटीचा चेहरा झळकत होता आणि श्रोत्यांत तमारा लेनियर बसल्या होत्या. त्याआधी सहा वर्षे, २०११ पासून, त्या विद्यापीठाला पत्रे लिहीत होत्या की हा माझा पूर्वज आहे. तो चेहरा पडद्यावर लावण्यापूर्वी त्यांना विचारावे असे कोणाला वाटले नाही. गुलामगिरीचा निषेध करणाऱ्या परिषदेतही ज्याला गुलाम केले त्याचा चेहरा सजावटीला आणि बोलणारे मात्र दुसरेच, ही गोष्ट आपल्या ओळखीची आहे. शोषितांच्या दुःखावर बोलायला बोलावले जाते ते प्रस्थापितांतल्याच सहृदय माणसाला.

आता खटल्याकडे वळू. मार्च २०१९ मध्ये लेनियर यांनी दावा लावला. त्याच वर्षी अगासीच्या ४३ वंशजांनी पत्र काढून लेनियर यांना पाठिंबा दिला. ज्याने अन्याय केला त्याची नातवंडे-पतवंडे पुढे आली, पण ज्या संस्थेकडे पत्रे होते ती मागे हटली नाही. २०२१ मध्ये पहिल्या न्यायालयाने दावा फेटाळला. फोटो हा काढणाऱ्याच्या मालकीचा असतो. ज्याचा काढला त्याचा केवळ फोटोत असण्यामुळे मालकी हक्क होत नाही, असे न्यायालयाचे म्हणणे. जून २०२२ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयाने मालकीबाबत तेच कायम ठेवले. पण दुसरा दरवाजा उघडला. छायाचित्रे निर्माण होण्यातला विद्यापीठाचा भयंकर सहभाग आणि लेनियर यांच्या मागणीला दिलेली वागणूक यामुळे झालेल्या मानसिक यातनेबद्दल दावा चालू शकतो, असे म्हटले. त्या दरवाजातून खटला पुढे गेला आणि तडजोडीवर संपला. पंधराही छायाचित्रे दक्षिण कॅरोलिनातील चार्ल्सटन येथील आंतरराष्ट्रीय आफ्रिकन अमेरिकन संग्रहालयाकडे देण्याचे ठरले. आफ्रिकेतून आणलेली माणसे ज्या धक्क्यावर उतरवली जात, त्याच जागेवर हे संग्रहालय २०२३ मध्ये उभे राहिले. या छायाचित्रांची कथा कशी सांगायची हे ठरवताना लेनियर यांना सोबत घेऊ, असे संग्रहालयाने सांगितले आहे.

वकील म्हणून मला यात एक गोष्ट खटकते. नैतिक विजय झाला, कायदा मात्र जिथे होता तिथेच आहे. आणि आपला कायदा काही वेगळा नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात छायाचित्राचा कर्ता म्हणजे ते काढणारा. पैसे देऊन काढवून घेतले असेल तर वेगळा करार नसल्यास पहिली मालकी पैसे देणाऱ्याची. म्हणजे लग्नात पैसे मोजून काढलेल्या फोटोवर आपला हक्क. पण कोणी गावकुसाबाहेर येऊन आपल्या आजीचा फोटो काढून नेला तर त्यावर आजीचा हक्क काहीच नाही. ज्याच्याकडे पैसा आहे तो आपल्या चेहऱ्याचा मालक होऊ शकतो, ज्याच्याकडे नाही तो फक्त विषय होतो.

गोपनीयता हा मूलभूत अधिकार आहे, असे २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितले. परंतु हा अधिकार माणसासोबत संपतो. तो वारसांकडे जात नाही, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये एका दिवंगत अभिनेत्याच्या प्रकरणात म्हटले. मग शंभर वर्षांपूर्वीच्या छायाचित्रातील माणसासाठी कोणी भांडायचे? सध्या तरी उत्तर असे, की कायद्याने कोणीच नाही.

यावर आक्षेप येतो. अशी छायाचित्रे दाखवायचीच नाहीत काय? अत्याचाराचा पुरावा झाकून ठेवला तर अत्याचार करणाऱ्याचेच फावेल. आक्षेप रास्त आहे आणि त्याचे उत्तर अमेरिकेतल्याच एका आईने दिलेले आहे. ऑगस्ट १९५५ मध्ये मिसिसिपी राज्यात एमेट टिल या चौदा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाला गोऱ्यांनी हाल हाल करून मारले. ओळखू येऊ नये असा चेहरा झालेला. त्याची आई मॅमी टिल हिने शिकागोला शवपेटी उघडी ठेवायला लावली. लोकांनी बघू दे, असा तिचा आग्रह. कृष्णवर्णीयांच्या 'जेट' साप्ताहिकाने तो फोटो छापला आणि एका पिढीचे रक्त पेटले. रेंटीच्या फोटोपेक्षा तो फोटो कितीतरी भयंकर आहे. तरीही तो दाखवण्यात अनीती नव्हती, कारण दाखवण्याचा निर्णय आईचा होता आणि छापणारे वृत्तपत्र तिच्या समाजाचे होते.

याच्या उलट गोष्ट झुंडबळींच्या छायाचित्रांची. झाडाला लटकवलेल्या काळ्या माणसाभोवती गोरी गर्दी उभी आहे, हसते आहे, असे फोटो त्या काळी पोस्टकार्ड म्हणून विकले जात. एका संग्राहकाने ते गोळा केले. २००० मध्ये न्यूयॉर्कला त्यांचे प्रदर्शन झाले. पुढे २००२ मध्ये अटलांटाला, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या स्मारकस्थळी, ते मांडले गेले. या फोटोंत गर्दीचे चेहरे लख्ख दिसतात. तरी अशा असंख्य प्रकरणांत अज्ञात इसमांच्या हातून मृत्यू, एवढीच नोंद झाली. पाहणाऱ्याची नजर झाडावरून खाली उतरून त्या गर्दीवर गेली तर प्रदर्शनाने काम केले. नजर लटकलेल्या देहावरच थांबली तर ते दुसऱ्यांदा विकलेले पोस्टकार्ड ठरते.

आपल्याकडे २९ सप्टेंबर २००६ रोजी खैरलांजी घडले. प्रस्थापित वृत्तपत्रे कित्येक दिवस गप्प होती. मृतदेहांची छायाचित्रे हातोहात फिरली, त्यातून संताप उसळला, समाज रस्त्यावर आला. भैयालाल भोतमांगे २०१७ पर्यंत हयात होते. मॅमी टिलचा जो अधिकार, तोच त्यांचा होता. आजही कुठे अत्याचार झाला की फलक तयार होण्यापूर्वी हा प्रश्न विचारला गेला पाहिजे, की घरातले कोण उरले आहे आणि त्यांचे म्हणणे काय आहे. आपले दुःख आहे म्हणून आपल्याला विचारायची गरज नाही, असे समजणे बरोबर नाही. मेलेल्या मुलीचा देह हा समाजाचा फलक नव्हे.

अगासीच्या पत्र्यांना त्याच काळात उत्तर देणारा माणूसही झाला. फ्रेडरिक डग्लस गुलामगिरीतून निसटला, लेखक झाला, वक्ता झाला. एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेत सर्वाधिक छायाचित्रे ज्याची निघाली तो हाच. सुमारे १६० तरी सापडली आहेत. कडक कॉलर, कोट आणि सरळ रोखलेली नजर. १८५४ च्या एका भाषणात त्याने अगासी आणि त्याच्या जोडीदारांची नावे घेऊन त्यांचा समाचार घेतला. वंशशास्त्राच्या पुस्तकांत गोऱ्याचे चित्र निवडताना सर्वात देखणा चेहरा घेतात आणि काळ्याचे निवडताना सर्वात विद्रूप, ही लबाडी त्याने दाखवून दिली. त्याचे सारे फोटो हे जणू त्या लबाडीविरुद्धचे प्रतिज्ञापत्र होते.

पुढे १९०० साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांनी अमेरिकन कृष्णवर्णीयांची ३६३ छायाचित्रे आल्बमांत मांडली. विद्यार्थी, दुकानदार, संगीत शिकणाऱ्या मुली, नीटनेटकी घरे. त्यातली बरीच अटलांटाच्या थॉमस आस्क्यू या कृष्णवर्णीय छायाचित्रकाराने काढलेली. आल्बमात माणसांची नावे नाहीत, ही उणीव खरी. पण प्रत्येकजण आपल्या पसंतीच्या कपड्यांत, आपल्या मर्जीने बसला आहे. याच डु बॉइस यांना बाबासाहेबांनी १९४६ मध्ये पत्र लिहिले होते. कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रसंघाला दिलेल्या अर्जाची प्रत मागितली होती. आणि बाबासाहेबांचा कोटातला फोटो आपल्या घराघरात का आहे, हे या वाचकांना मी काय सांगावे!

इंग्रजांनीही आपल्यावर हा प्रयोग केला. १८६८ ते १८७५ या काळात 'द पीपल ऑफ इंडिया' हा आठ खंडांचा ग्रंथ लंडनमध्ये निघाला. जातीजमातींचे चारशेहून अधिक फोटो, खाली जातीचे नाव आणि जातीच्या स्वभावाबद्दल शेरा. १८६९ मध्ये सय्यद अहमद खान लंडनला गेले असता त्यांनी तो पाहिला आणि ते व्यथित झाले. त्यांच्या मुलाला तो ग्रंथ पाहताना एका तरुण इंग्रजाने विचारले, की तुम्ही हिंदुस्थानीच ना? मुलाचा चेहरा उतरला. होय म्हणून त्याने लगेच खुलासा केला, की आम्ही इथले आदिवासी नव्हे, आमचे पूर्वज परदेशातून आले. अपमान खराच होता, पण त्याला निसटायला वाट होती. ज्याच्या फोटोखाली खालच्या जातीचे नाव होते त्याला परदेशी पूर्वज कुठून आणता येणार? परक्या संस्कृतीचा फोटो म्हणताना परकी कोणाला, हे म्हणूनच विचारावे लागते. मुंबईच्या कलादालनातल्या प्रेक्षकाला मुंबईच्याच गटारात उतरलेला माणूस काँगोतल्या रेंटीइतकाच परका असतो.

गटारातून डोके वर काढणाऱ्या सफाई कामगाराचा फोटो तुम्ही पाहिलाच असेल. काळे पाणी, दोन डोळे. सारेच असे फोटो काढणारे सारखे नसतात. सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांवर केलेले काम हे एकदा येऊन गेलेल्या पाहुण्याचे काम नाही. माझी तक्रार त्या फोटोखालच्या ओळीशी आहे. तिथे लिहिलेले असते, 'एक सफाई कामगार'. अगासीच्या काळातल्या चिठ्ठीत निदान रेंटी हे नाव तरी होते आणि मालकाचेही होते! २०१३ च्या कायद्याने माणसाला संरक्षक साधनांशिवाय गटारात उतरवणे हा गुन्हा आहे. मृत्यू झाल्यास भरपाई ३० लाख रुपये, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये ठरवले. म्हणजे कलादालनात टांगलेला तो फोटो एका गुन्ह्याचे दृश्य आहे. मग कंत्राटदार कोण, महापालिका कोणती, तारीख कोणती, हे खाली का नको? कामगाराची हरकत असेल तर त्याचे नाव झाका, चेहरा झाका. नोकरी जाण्याची भीती त्याला आहे. कंत्राटदाराला कसले संरक्षण?

या लेखासोबत रेंटीचे छायाचित्र छापू नये, असे मी संपादकांना कळवले आहे. ते सहज मिळते आणि आता त्यावर कोणाचा कायदेशीर हक्कही उरलेला नसावा. पण ते कुठे आणि कसे दाखवायचे याचा विचार चार्ल्सटनमध्ये व्हायचा आहे, आणि त्या विचारात प्रथमच रेंटीच्या घरची माणसे बसणार आहेत.

इथल्या प्रदर्शनांबद्दल मात्र आपल्याला वाट पाहायची गरज नाही. डिजिटल कॅमेऱ्याच्या मूळ फाइलमध्ये तारीख आणि वेळ असते. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ नुसार लागणारे प्रमाणपत्र सोबत जोडले, तर असा फोटो न्यायालयात पुरावा म्हणून दाखल करता येतो. पुढच्या वेळी असे प्रदर्शन भरले, तर कार्यकर्त्यांनी घोषणा देण्याआधी आत जाऊन छायाचित्रकाराला भेटावे. आधी त्या कामगाराचे म्हणणे काय आहे ते विचारावे. तो तयार असेल तर मूळ फाइल आणि प्रमाणपत्र मागावे. तक्रारीचा मसुदा करून द्यायला आमच्यासारखे वकील आहेत.